आठव्या हेन्रीच्या राण्यांना मुलगे होत होते, जगत नव्हते

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मुलासाठी सहा लग्नं केली, तरी त्याच्या राण्यांना मुलगा का होत नव्हता? आणि मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं हे आज माहीत असताना दोष राजाचाच म्हणायचा का?

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. बत्तीस वर्षं बाळंतपणं करते आहे, आणि जवळपास तितकीच वर्षं त्याच्या ट्यूडर घराण्याबद्दल हाती लागेल ते वाचते आहे. त्यामुळे उत्तर बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभं राहून देते.

आधी प्रश्नातलीच एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. राण्यांना मुलगे होत होते. पहिली राणी ॲरगॉनची कॅथरिन, तिला झाले. तिसरी जेन सीमूर, तिला झाला. दुसरी ॲन बोलिन, तिचा गर्भ पडला, तोही मुलाचा दिसत होता असं त्या वेळच्या राजदूताने लिहून ठेवलं आहे. एक्स-वाय गुणसूत्रांवर लिंग ठरतं हे 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांच्या कामातून कळलं. ते खरंच आहे, आणि माझ्याकडे सुनेला बोल लावणारं घर आलं की मी ते रोज समजावून सांगते. पण या राजघराण्याचं दुखणं तिथे नव्हतं. पोरं जन्मत होती आणि दगावत होती, किंवा दिवस भरण्याआधीच जात होती.

आमच्याकडे बाई तपासायला आली की केसपेपरवर पहिली ओळ ठरलेली असते: किती वेळा दिवस राहिले, किती बाळंतपणं झाली, किती मुलं हयात. कॅथरिनचा केसपेपर मी कितीदा तरी मनात लिहून पाहिला आहे. जी 6, एल 1. सहा वेळा गरोदर, हयात एक.

तिचं हेन्रीशी लग्न 11 जून 1509 रोजी झालं. ती 23 वर्षांची होती, तो अठराव्या वर्षात होता. 31 जानेवारी 1510 रोजी दिवस भरण्याआधीच मुलगी झाली, मृत. पोट मात्र उतरेना. वैद्याने सांगितलं, जुळं होतं, दुसरं अजून आत आहे. मार्चमध्ये राणी रीतसर बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसली, सगळा दरबार वाट पाहत राहिला, आणि काहीच झालं नाही. बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने पोट असं फुगलेलं राहू शकतं. आज आम्ही दहा मिनिटांत सोनोग्राफी करून सांगतो. तिला मात्र साऱ्या युरोपच्या राजदूतांसमोर त्या खोलीतून रिकाम्या हातांनी बाहेर यावं लागलं. त्याच सुमारास तिला पुन्हा दिवस राहिले.

1 जानेवारी 1511 रोजी रिचमंडच्या राजवाड्यात मुलगा झाला. नाव हेन्री. लंडनमध्ये होळ्या पेटल्या, लोकांना दारू वाटली. राजा आभार मानायला वॉल्सिंगहॅमच्या तीर्थाला जाऊन आला. फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरला घोड्यावरच्या भाल्यांच्या लढतींचा मोठा उत्सव झाला. त्याचं चित्र काढलेली सुमारे 60 फूट लांबीची गुंडाळी आजही जपलेली आहे: राणी सज्जात बसली आहे, राजा तिच्यासमोर भाला मोडतो आहे. 22 फेब्रुवारीला बाळ गेलं. 52 दिवसांचं होतं. त्या गुंडाळीवरचे रंग अजून झळाळतात, म्हणून ती मला बघवत नाही.

पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी मुलगे गेले. 18 फेब्रुवारी 1516 रोजी मेरी झाली, ती जगली. तेव्हा हेन्री व्हेनिसच्या राजदूताला म्हणाला होता की आम्ही दोघं तरुण आहोत, या वेळी मुलगी झाली, देवाच्या कृपेने पुढे मुलगेही होतील. या वाक्यात राग नाही, हे लक्षात घ्या. पुढचा हेन्री ठाऊक असल्यामुळे आपण हा पंचविशीतला, धीर धरलेला बाप विसरतो. नोव्हेंबर 1518 मध्ये शेवटचं बाळंतपण. मुलगी, मृत. त्यानंतर कॅथरिनला दिवस राहिले नाहीत. पुढच्याच वर्षी राजाला लग्नाबाहेर बेसी ब्लाउंटपासून मुलगा झाला, हेन्री फिट्झरॉय. ‘दोष माझ्यात नाही’ हा त्याचा समज तिथे पक्का झाला असणार.

पुढचं भांडण, कॅथरिनशी झालेलं लग्न रद्द करून घेण्याचं, धर्मग्रंथातल्या एका ओळीवर लढलं गेलं. कॅथरिन आधी हेन्रीच्या थोरल्या भावाची, आर्थरची बायको होती. 14 नोव्हेंबर 1501 रोजी लग्न, 2 एप्रिल 1502 रोजी आर्थर वारला. पोप दुसऱ्या ज्यूलियसने परवानगी दिली तेव्हा कुठे तिचं धाकट्या भावाशी लग्न होऊ शकलं. बायबलच्या लेवीय या ग्रंथात म्हटलं आहे की भावाची बायको केली तर ती दोघं निःसंतान राहतील. अनुवाद या ग्रंथात याच्या अगदी उलट आज्ञा आहे: भाऊ निपुत्रिक वारला तर त्याच्या विधवेशी लग्न करावं. हेन्रीने पहिली ओळ धरली. तो निःसंतान नव्हता, अकरा वर्षांची मेरी समोर होती. मग ‘निःसंतान’ म्हणजे ‘मुलगा नसलेला’ असा अर्थ लावला गेला. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं होतं, पोप त्याच्या मुठीत होता, आणि चार्ल्स हा कॅथरिनचा सख्खा भाचा. पोपने लग्न रद्द करून दिलं नाही. हेन्रीने इंग्लंडचं चर्चच रोमपासून तोडलं. हा भाग शाळेच्या पुस्तकांत असतो, म्हणून थोडक्यात आवरते.

मला थांबायचं आहे ते 21 जून 1529 या दिवशी. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात पोपच्या प्रतिनिधींचं न्यायालय बसलं होतं. कॅथरिन उठली, गर्दीतून वाट काढत राजापर्यंत गेली आणि भरल्या सभेत त्याच्यासमोर गुडघे टेकले. कार्डिनल वूल्सीच्या पदरी असलेल्या जॉर्ज कॅव्हेंडिशने तिचं बोलणं नंतर लिहून काढलं. त्यात ती म्हणते, माझ्यापासून तुम्हाला कितीतरी मुलं झाली, देवाने त्यांना या जगातून बोलावून घेतलं, आणि त्यात माझा काही दोष नाही.

पाचशे वर्षांपूर्वी, गुणसूत्रं ठाऊक नसताना, रक्तगट ठाऊक नसताना ही बाई अचूक निदान सांगते आहे. माझी कूस उजवली होती, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे.

आता उरलेलं निम्मं, म्हणजे मुलं का जात होती?

याची एक लोकप्रिय उपपत्ती आहे. 2010 मध्ये दोन संशोधकांनी मांडलं की हेन्रीचं रक्त ‘केल पॉझिटिव्ह’ असावं. केल हा आरएचसारखाच रक्तगटाचा एक प्रकार. आईचं रक्त केल निगेटिव्ह आणि गर्भाचं पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या खेपेनंतर आईच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढचे गर्भ त्यामुळे दगावतात. आरएच निगेटिव्ह आईच्या बाबतीत होतं त्याच जातीची ही गोष्ट. ॲन बोलिनचा क्रम याच्याशी जुळतो: पहिली मुलगी धडधाकट, पुढचे गर्भ गेले. पण कॅथरिनची तर पहिलीच मुलगी गेली, आणि पाचवी मेरी जगली. मेरीला वडिलांकडून निगेटिव्ह जनुक मिळालं असेल असं म्हणून हे जुळवता येतं, पण पहिलं बाळ तरीही अडतं. दुसरी उपपत्ती उपदंशाची. त्या काळी उपदंशावर पाऱ्याचे उपचार होत, आणि हेन्रीला ते दिल्याची नोंद सापडत नाही. कॅथरिन, ॲन किंवा मेरीमध्येही त्या रोगाची ओळखीची लक्षणं दिसत नाहीत. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये हेन्री पुरला आहे. त्याच्या अवशेषांची जनुकीय तपासणी झालेली नाही. ज्या माणसाचा साधा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट समोर नाही त्याच्यावर मी निदान लिहीत नाही.

माझं मत साधं आहे. एकच गुप्त रोग शोधायची गरज नाही. त्या काळात बाळंतपण करणाऱ्याने हात धुवायचे असतात हे कुणाला माहीत नव्हतं. व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइसने ते दाखवून दिलं 1847 मध्ये. राण्या स्वतः अंगावर पाजत नसत, बाळ दूधआईकडे जाई. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी काही महिने लांबते. राणीची लांबत नसे, त्यामुळे शरीर भरून यायच्या आत पुन्हा दिवस राहत. त्यात कॅथरिन कडक उपास करणारी. 1505 मध्ये, लग्नाच्याही आधी, पोपकडून पत्र आलं होतं की तिच्या अतिरेकी उपासतापासाला आवर घालावा, पुढे मूल होण्यात त्याची अडचण येईल. आषाढी-कार्तिकी, चतुर्थी, गुरुवार असं सगळं धरून सातव्या महिन्यात फिकी पडलेली बाई माझ्यासमोर बसते तेव्हा मला या पत्राची आठवण येते.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण आपल्याकडच्या बायकांना ती अनोळखी वाटणार नाही. हेन्रीचे वडील सातवे हेन्री, त्यांच्या दरबाराने त्याचे नियमच लिहून ठेवले होते. खोली चहूबाजूंनी, अगदी छतापर्यंत, जाड नक्षीदार पडद्यांनी मढवायची. खिडक्या झाकायच्या, एकच मोकळी ठेवायची, राणीला उजेड हवा वाटला तर. बाळंतपणाच्या काही आठवडे आधी राणी आत जाई आणि पुरुषांना दार बंद होई; वाढपी, कारभारी, सगळी कामं बायकाच करत. बाळंत झाल्यावर सुमारे चाळीस दिवसांनी चर्चमध्ये विधी होऊन ती पुन्हा बाहेर येई. आपला सव्वा महिना. वारं लागू नये म्हणून कोंडलेली ती अंधारी खोली, धुरी आणि शेक मी माझ्या आजोळी पाहिला आहे. त्यामागे माया असते, पण हवा कोंडते ती कोंडतेच.

ॲन बोलिनकडे येते. जानेवारी 1533 मध्ये गुपचूप लग्न, 7 सप्टेंबर 1533 रोजी ग्रिनिचला बाळंतपण. ज्योतिष्यांनी मुलगाच सांगितला होता. राजेरजवाड्यांना पाठवायची पत्रं आधीच लिहून तयार होती, त्यांत ‘प्रिन्स’ झाला असं होतं. झाली एलिझाबेथ. मग त्या शब्दाच्या शेवटी दाटीवाटीने एक ‘एस’ घुसवून राजपुत्राची राजकन्या केली. ती पत्रं आजही पाहता येतात. 29 जानेवारी 1536 रोजी, ज्या दिवशी पीटरबरोला कॅथरिनला मूठमाती दिली त्याच दिवशी, ॲनचा साडेतीन महिन्यांचा गर्भ पडला. पाच दिवसांपूर्वी राजा घोड्यावरून पडला होता, त्या बातमीचा धक्का बसला असं तिने सांगितलं. धक्क्याने गर्भ पडतो ही समजूत आजही घरोघर आहे. बहुतेक वेळा कारण गर्भातच असतं आणि बाई उगाच स्वतःला दोष देत बसते. 19 मे रोजी तिचा शिरच्छेद झाला.

त्याआधी व्यभिचाराच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यात एक प्रसंग घडला. ॲनचा भाऊ जॉर्ज याच्यावरही आरोप होता. त्याला एका कागदावर लिहून प्रश्न दिला आणि तो मोठ्याने वाचू नकोस अशी ताकीद दिली: राजाच्या अंगी पुरुषत्वाची ताकद नाही असं ॲन म्हणाली होती का? त्याने तो भर न्यायालयात मोठ्याने वाचला. ‘दोष राजाचा का?’ हा तुमचा प्रश्न इंग्लंडमध्ये 1536 मध्ये असा उघड्यावर आला होता. तो वाचणारा दोन दिवसांनी वधस्तंभावर गेला. राजाच्या शेवटच्या तीन लग्नांत, म्हणजे क्लीव्हजची ॲन, कॅथरिन हॉवर्ड आणि कॅथरिन पार यांच्या वेळी, एकीलाही दिवस राहिल्याची नोंद नाही. तेव्हा राजा पन्नाशीकडे झुकलेला होता, अतिशय स्थूल होता, पायाच्या जखमा वाहत होत्या. या शेवटच्या सात वर्षांपुरतं बोलायचं तर होय, अडचण बहुतेक त्याच्याच बाजूची होती. कॅथरिन पारचं पुढे काय झालं ते पाहा. हेन्री वारल्यावर तिने टॉमस सीमूरशी लग्न केलं आणि तीन लग्नांत मूल न झालेल्या या बाईला वयाच्या पस्तिशीत दिवस राहिले. 30 ऑगस्ट 1548 रोजी मुलगी झाली. 5 सप्टेंबरला ती बाळंतरोगाने गेली.

जेन सीमूरची गोष्टही तशीच. दोन दिवस आणि तीन रात्री कळा देऊन 12 ऑक्टोबर 1537 रोजी हॅम्प्टन कोर्टला तिने एडवर्डला जन्म दिला. पोट फाडून मूल काढलं ही दंतकथा आहे. त्या काळी तसं केलेली बाई वाचत नसे, आणि जेन तर पुढे बाराव्या दिवसापर्यंत जगली, बारशाच्या सोहळ्याला आलेल्या पाहुण्यांना भेटली. 24 ऑक्टोबरला गेली. अठ्ठावीस वर्षं वाट पाहिलेला वारस आला, तो आईच्या जिवावर.

पण माझ्या मनाला सगळ्यांत लागून राहिलेली बाई हेन्रीची बायको नव्हे, आई आहे. यॉर्कची एलिझाबेथ. एप्रिल 1502 मध्ये आर्थर गेल्याची बातमी आली तेव्हा तिने नवऱ्याला धीर दिला की तुमच्या आईला तुम्ही एकटेच होतात तरी देवाने तुम्हाला राखलं, आपल्याला अजून एक मुलगा आणि मुली आहेत, आणि आपण दोघं अजून तरुण आहोत. मग आपल्या खोलीत जाऊन ती कोसळली, तेव्हा राजाने येऊन तिला सावरलं. ‘अजून तरुण आहोत’ हे तिने खरं केलं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. त्या डिसेंबरमध्ये वेस्टमिन्स्टरच्या मठातला येशूच्या आईचा, मेरीचा, पवित्र पट्टा तिच्याकडे आणल्याची नोंद तिच्या खर्चाच्या वहीत आहे. सुखरूप सुटका व्हावी म्हणून तो कमरेला बांधत. 2 फेब्रुवारी 1503 रोजी लंडनच्या टॉवरमध्ये मुलगी झाली. 11 फेब्रुवारीला एलिझाबेथ वारली. त्या दिवशी तिचा सदतिसावा वाढदिवस होता. बाळही राहिलं नाही. हेन्री तेव्हा अकरा वर्षांचा होता. वारस हवा या ध्यासाने आई गेलेली त्याने पाहिली होती, आणि पुढे तोच ध्यास घेऊन तो जगला.

तिची नात, म्हणजे हेन्री आणि कॅथरिनची मुलगी मेरी, हिच्या वाट्याला तर आणखी वेगळं आलं. 1553 मध्ये पंधराव्या वर्षी एडवर्ड वारला आणि ती गादीवर आली. जुलै 1554 मध्ये स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं तेव्हा ती 38 वर्षांची होती. पाळी थांबली, पोट वाढलं, बाळ हलल्याचं तिने सांगितलं. एप्रिल 1555 मध्ये ती हॅम्प्टन कोर्टला बाळंतिणीच्या खोलीत गेली. महिनाअखेरीस राजपुत्र झाल्याची अफवा उठून लंडनमध्ये घंटा वाजल्या. मे गेला, जून गेला, जुलै गेला. गुडघे छातीशी धरून जमिनीवर उशांवर बसलेली राणी लोकांना दिसे. भरल्या दिवसांच्या बाईला तसं बसता येत नाही, हे राजदूतांनाही कळलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला काही न बोलता ती तिथून निघून गेली. मी असं खोटं गरोदरपण दोनदा पाहिलं आहे. एकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पडद्यावर रिकामं गर्भाशय दाखवलं तेव्हा तिने हळूच विचारलं, मशीन बिघडलंय का? ही बाई खोटं बोलत नसते. तिचं शरीरच तिच्या आशेवर विश्वास ठेवतं.

शेवटी हे घराणं पुढे गेलं कसं, ते पाहण्यासाठी सुरुवातीला जावं लागेल. सातव्या हेन्रीची आई मार्गारेट बोफर्ट चणीने लहान होती. बाराव्या वर्षी तिचं लग्न एडमंड ट्यूडरशी झालं. त्या वेळच्या कायद्याने जिवंत मूल झालं की बायकोच्या जमिनींवर नवऱ्याचा आयुष्यभर हक्क लागे, म्हणून तो मुलीच्या वाढीसाठी थांबला नाही. मूल जन्मण्याआधी तोच साथीने मेला. 28 जानेवारी 1457 रोजी पेम्ब्रोकच्या किल्ल्यात, तेरा वर्षं आणि आठ महिन्यांच्या या विधवा मुलीने एकुलता मुलगा जन्माला घातला. पुढे दोन लग्नं होऊनही तिला पुन्हा मूल झालं नाही. कोवळ्या कटिराचं बाळंतपण शरीराचं काय करतं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही.

चाळीस वर्षांनी तिची नात, तिचीच नाववाली मार्गारेट, स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला द्यायचं घाटत होतं. 1498 मध्ये सातव्या हेन्रीने स्पॅनिश राजदूताला सांगितलं की मुलगी अजून फार लहान आहे, आणि राणी व माझी आई दोघींचं एकच म्हणणं आहे: आत्ता पाठवली तर स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही, तिला इजा करील. दोघी अडून बसल्या. मार्गारेट सासरी गेली 1503 मध्ये. तेव्हाही ती तेरा वर्षांचीच होती, पण पहिलं बाळंतपण झालं 1507 मध्ये, सतराव्या वर्षी. पहिल्या लग्नाची तिची सहा मुलं, जगला एक, पाचवा जेम्स. दुसऱ्या लग्नाची एक मुलगी.

आठव्या हेन्रीने मृत्युपत्रात या बहिणीच्या वंशाला बाजूला ठेवलं होतं. 24 मार्च 1603 रोजी त्याची मुलगी एलिझाबेथ निपुत्रिक वारली, आणि इंग्लंडच्या गादीवर आला तो स्कॉटलंडचा सहावा जेम्स, आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून मार्गारेटचा पणतू.